झाकणाचा नियम

आधी मावशीचं सांगते, मग काय झालं ते. क्रम उलटा वाटेल. पण झालेलं आधी सांगत बसले तर मावशी त्यात कुठेतरी कोपऱ्यात जाईल, आणि कोपऱ्यात तिला एकदा बसवलंय, तेवढं पुरे.

मावशी म्हणजे साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात माझ्या शेजारी बसून छापील कागदांना घडी घालणारी बाई. नात्यागोत्याची नाही. मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी ही घराबाहेर पडली आणि या कामाला लागली ती आजतागायत. राहते घाटकोपरच्या डोंगरावर, चाळीत. तिची घडी अशी की पट्टी लावून बघा, कागदाची दोन टोकं केसभरही मागेपुढे नसायची. नवीन बाई कामाला आली की शेठ तिला सांगायचे, "दोन दिवस काही करू नको, नुसती मावशीकडे बघत बस."

मीही तशीच बघत बसले होते. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाहून आलेली मी. आमच्या गावची शाळा नदीपलीकडे, नावेतून जायचं. आठवीत होते त्या वर्षी आई आजारी पडली आणि नावेत बसायचं माझं थांबलं ते थांबलंच. त्यामुळे शिकलेल्या माणसांसमोर माझ्या तळहाताला घाम येतो. आजही येतो. हे लिहितानाही मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचतेय.

पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळ्या बाया पुठ्ठा अंथरून गोल बसल्या. डबे उघडून मधे ठेवले, जिला जे हवं त्यात तिचा हात. माझ्या डब्यात आदल्या दिवशीचा भात आणि मीठ होतं. मी झाकण लावूनच बसले. एकीनं विचारलं, "काय आणलंस गं? दाखव की!"

मावशीनं मान वर न करता तिला म्हटलं, "झाकण लावलेला आसा मा? मगे कित्याक इचारतंस गो?"

बाईनं दुसऱ्या डब्यात हात घातला. मग मला कळलं की हा गाळ्यातला जुना रिवाज. झाकण लावलेल्या डब्याबद्दल विचारायचं नाही. कुणाचा उपास असेल, कुणाचं घरी भांडण झालेलं असेल, कुणाकडे आणायला काही नसेल. तिला उघडावंसं वाटेल तेव्हा ती उघडेल. मी चौथ्या दिवशी उघडला.

आता ताई.

ताई मुलुंडची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असेल, पण पवईच्या मोठ्या ऑफिसात काम करणारी, चार वाक्यांतली दोन इंग्रजी बोलणारी. म्हणून मी आपलं ताईच म्हणायचे. ती गाळ्यात आली ती एक खोकं घेऊन. टेबलावर बसून खेळायचा एक खेळ ती बनवत होती आणि त्याच्या नमुन्यासाठी तशी सात-आठ खोकी हवी होती. कोपरे मी चिकटवले. ती बाजूला उभी राहून बघत होती. मी धीर करून विचारलं, "ह्यात जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नसतंच," ती म्हणाली. "एक माणूस बनवायचं कागदावर. मग त्याच्या तोंडून बोलायचं. बस."

"नुसतं बोलायचं?"

"रविवारी ये ना. आम्हाला खेळून बघायला माणसं हवीच आहेत."

मी गेले. का गेले ते अजून नीट सांगता येत नाही. तिच्या घरी, टेबलाशी आम्ही चौघं. ताई, तिचा नवरा, त्यांचा बँकेत काम करणारा एक मित्र आणि मी. ताई गोष्ट पुढे न्यायची, आम्ही तिघं आपापलं माणूस व्हायचो. खेळातलं गाव एक बंदर होतं, कुठल्याच नकाशात नसलेलं. मला विचारलं, तुझं माणूस कोण? मी म्हटलं, "नाव चालवणारी बाई. मोठी नाव. तिच्या हाताखाली चाळीस खलाशी."

"कप्तान!" मित्र म्हणाला. "झकास!"

गाळ्यात मोरीवर जायचं तरी मी दोनदा विचारून जाते. आणि मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, मी खुर्चीवरून उठून ओरडले, "नांगर उचला!" इतक्या जोरात की खालून वॉचमनचा इंटरकॉम आला, शेजारच्या आजी विचारतायत काही झालंय का. ताई हसून हसून टेबलावर आडवी झाली. आठवड्यातले सहा दिवस मी त्या रविवारची वाट बघायला लागले. गाळ्यातल्या बाया चिडवायच्या, "काय गं, रविवारी कुठं? राजवाड्यात?" मी सांगितलं होतं, मुलुंडला पत्त्यांसारखं काहीतरी खेळायला जाते.

ह्या खेळात प्रेमाचाही नियम होता. एका माणसाचं दुसऱ्यावर मन जडावं असं वाटलं तर दोन फासे टाकायचे. बारा पडले की झालं. मित्राचं माणूस म्हणजे मसाल्याचा व्यापारी. त्यानं एका रविवारी माझ्या कप्तानासाठी फासे टाकले. सहा आणि सहा.

"वाट लागली कप्तानाची!" तो म्हणाला. "पडली प्रेमात!"

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं, पण बाहेर दुसरंच आलं. मी म्हटलं, "फासे तुम्ही टाकले. मन माझ्या माणसाचं. मग मला कोणी विचारलं?"

"अगं, गेम आहे यार."

"हो. पण खलाशी पळून गेले तर मी काय करायचं ते मला विचारता. वादळ आलं तर विचारता. ह्यालाच तेवढं नाही?"

ताईचं हसणं थांबलं होतं. तिनं वही ओढली. "परत बोल," ती म्हणाली. "हळू बोल. मी लिहून घेते."

माझ्या जन्मात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं.

त्यानंतरचे कितीतरी रविवार आम्ही प्रेमाचंच प्रकरण घेऊन बसलो. मी गाळ्यातल्या डब्यांचं सांगितलं. आधी कोणीतरी आपला डबा पुढे करतं, घे म्हणतं. काही दिवसांनी दुसरी स्वतःहून मागते. मग एक दिवस ती न विचारता घेते आणि पहिलीला त्याचं काही वाटत नाही. आणि सगळ्यात शेवटी, ती उशिरा यायची असेल तर तिच्या आवडीचं तुम्ही बाजूला काढून ठेवता. ताई म्हणाली, चार पायऱ्या. फासे गेले. प्रेम पुढे सरकायचं तर समोरच्यानं आपल्या माणसाच्या वतीनं काहीतरी पुढे करायला हवं. एक पायरी गाळून पुढे जाता येणार नाही.

"मग माझा व्यापारी काय जन्मभर उपाशी?" मित्र म्हणाला.

"आधी डबा तर आणा," मी म्हटलं. त्यानं पुढच्या रविवारी कप्तानासाठी खरोखरचे तळलेले बोंबील आणले. खेळात धरायचे की नाही यावर अर्धा तास वाद झाला.

आणि झाकणाचा नियम. टेबलाच्या मधोमध स्टीलच्या डब्याचं एक झाकण उपडं ठेवायचं. दोन माणसांमधलं जवळिकीचं काही चाललंय आणि टेबलावरच्या कुणालाही नको वाटलं, तर त्यानं झाकणावर हात ठेवायचा. तो प्रसंग तिथेच थांबतो, गोष्ट दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. आणि का ते कोणी विचारायचं नाही. तेव्हा नाही, नंतर चहा पिताना नाही, कधीच नाही.

मला एक गोष्ट तेव्हा समजली आणि मी ती बोलूनही दाखवली. खुर्चीत एक माणूस दिसतं, पण असतात दोघं. कप्तान नाही म्हणतेय आणि मला मजा येतेय, तर चालू द्या. कप्तान हो म्हणतेय आणि मला नको वाटतंय, तर थांबा. दोघांनाही विचारावं लागतं. ताई म्हणाली, "तू हे कुठे शिकलीस गं?"

शिकले असं नाही म्हणता येणार.

एका रविवारी बाकीचे दोघे खाली सामान आणायला गेले होते. ताई कांदा चिरत होती. तिनं मला काही विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत तिनं कधीच विचारलं नव्हतं, माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे तर नवरा कुठे आहे. विचारलं नाही म्हणूनच मी सांगितलं. मला वाटलं, हिनं मला एवढं दिलं, आपणही हिच्यापुढे काहीतरी उघडावं. गाळ्यात सगळ्यांना मी सांगितलेलं, नवरा नागपूरला कामाला आहे. तसं नाही. विसाव्या वर्षी लग्न झालं. दोन-अडीच वर्षांनी एका संध्याकाळी मी आमच्या खोलीला आतून कडी लावली. तो बाहेर, मी आत. दार वाजत राहिलं, मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात खाट टाकली. सासू, सासरा, दोघे दीर, जावा, शेजारचे चार जण. मला मधे उभं केलं. "काहून लावली कडी? सांग. काहून?" आमच्याकडे 'का'ला काहून म्हणतात. दुपारपर्यंत तेच. दिरांसमोर, सासऱ्यासमोर मी काय सांगायचं होतं? मारलं नाही कोणी. नुसतं विचारलं. त्यानंतर मी तिथे राहिले नाही.

ताईनं सुरी खाली ठेवली होती. कांद्यामुळे तिचे डोळे वाहत होते, की दुसऱ्या कशानं, कुणास ठाऊक. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "हे माझ्यापाशी राहील."

मी विश्वास ठेवला. सोप्पं होतं.

पुढे खेळाची पुस्तिका तयार झाली. छपाईला आमच्याच गाळ्याला द्या म्हणून मीच ताईला म्हटलं, शेठलाही मीच सांगितलं. मला मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू. खालच्या गाळ्यात छपाई झाली आणि कागद वर आले. एका मोठ्या कागदावर सोळा पानं असतात. घडी घातली की ती क्रमाला येतात. प्रेमाच्या प्रकरणाचा कागद माझ्या आणि मावशीच्या टेबलावर आला. पहिल्या घडीलाच ते प्रकरण समोर आलं. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'आधी विचारा.' माझंच वाक्य. मी मावशीला कोपरानं ढोसून दाखवलं. ती म्हणाली, "बरा आसा." मी पान उलटलं.

झाकणाच्या नियमाखाली चौकट होती. उदाहरण.

'साकीनाक्याच्या एका कारखान्यात खोकी चिकटवणारी आमची एक खेळाडू. लग्नानंतर एका संध्याकाळी तिने खोलीला आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी साऱ्या घरासमोर, दिरांसमोर, तिला कारण सांगायला उभं केलं गेलं. म्हणूनच या खेळात झाकणावर हात ठेवणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.'

गाळ्यात खोकी चिकटवणाऱ्या आम्ही तिघी. रविवारी खेळायला जाणारी एकटी मी. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या दोघी दुसऱ्या पानांच्या घड्या घालत होत्या, आणि जेवणानंतर टेबलं बदलायची पद्धत होती. म्हणजे दुपारी हा कागद त्यांच्यापुढे जाणार. मग त्या वाचणार, माझ्याकडे बघणार, आणि विचारणार. वाईट मनानं नाही. प्रेमानं विचारतील. जवळ घेऊन विचारतील. पण विचारतील. मला परत अंगण दिसायला लागलं. मी घडी घालायचं थांबले होते हे मला कळलंसुद्धा नाही.

मावशीनं माझ्या हाताखालचा कागद ओढून घेतला. ती चौथीपर्यंत शिकलेली, ओठ हलवत वाचते. तिचे ओठ हलताना मी बघत होते. चौकटीच्या मध्यावर ते थांबले. पुढचं तिनं वाचलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. कागद पालथा केला. माझ्याकडे पाहिलंही नाही. एवढंच म्हणाली, "जरा बाजूक हो."

मी सरकले. तिनं चिकटवायच्या खळीची भरलेली बादली उचलली आणि त्या कागदांच्या गठ्ठ्यावर ओतली. सावकाश, कडेकडेनं, सगळीकडे जाईल अशी. मग रिकामी बादली टेबलाच्या काठावरून सोडून दिली आणि आवाज झाल्यावर ओरडली, "अगो बाये! काय झाला ह्या!"

सगळ्या धावत आल्या. शेठ केबिनमधून आले. खळ गठ्ठ्यात शिरून कागदाला कागद चिकटला होता, एकही सुटा होत नव्हता.

"मावशी! तुम्ही?" शेठना खरंच पटत नव्हतं. "इतकी वर्षं झाली, तुमच्या हातून एक कागद चुरगळला नाही!"

"होय, शेठ," मावशी म्हणाली. "हात थरथरतत आता. म्हातारी झालंय मी."

तिनं दोन्ही हात पुढे करून दाखवले. थरथरत होते. तेवढं तिनं नाटक केलं. मी शेजारी उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही.

जेवायच्या सुट्टीत मी खाली जाऊन ताईला फोन केला. कागद परत छापायचे होते, म्हणजे पान बदलता येणार होतं. वेळ तेवढाच होता.

"अगं, वाचलंस?" ताईचा आवाज आनंदाचा. "मला तुला सरप्राइज द्यायचं होतं!"

"ते काढ," मी म्हटलं. तिला अरेतुरे करायची ती माझी पहिली वेळ.

"का? काय झालं?"

"तू पण का विचारतेस?"

ती म्हणाली, "अगं, पण नाव कुठे टाकलंय? आणि किती आदरानं लिहिलंय! उदाहरण नसेल तर नियम पोचत नाही गं लोकांना. तूच तर बघितलंयस, मित्राला फासे कसे सोडवेनात ते. हे वाचून लोक रडतील. तुझ्यासारख्या कितीतरी जणींना..."

"माझ्यासारख्या नाही. मीच आहे ती. साकीनाका लिहिलंयस."

"ते मला सुचलंच नाही."

हे मला खरं वाटतं. तिला सुचलं नसेल. ती वाईट नाही, आणि तेच माझ्या घशाखाली उतरत नाही. वाईट माणसानं केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. ज्या प्रकरणाच्या डोक्यावर 'आधी विचारा' लिहिलंय, त्यात माझी गोष्ट घालताना तिनं मला विचारलं नाही. महिनोन्‌महिने आम्ही दोघींनी मिळून हाच एक नियम घासूनपुसून नीट केला होता. खेळातल्या कप्तानाला तिनं प्रत्येक पावलाला विचारलं. त्याच खुर्चीत बसलेल्या मला तेवढं नाही.

"बरं, बदलते," ती शेवटी म्हणाली. "पण प्रकरणाचा जीव जाईल."

बदललं तिनं. आता तिथे दोन बनावट माणसं आहेत, एक व्यापारी आणि एक दीपगृहवाला, आणि नियम बरा समजतो. पुस्तिका निघाली, लोकांना आवडली म्हणतात. पुढे ताईचा मेसेज आला, 'रविवारी ये ना, कप्तानाशिवाय बंदर सुनं आहे.' मी उत्तर टाईप केलं, पुसलं, परत केलं, पुसलं. मुलुंडला नंतर गेले नाही. त्या टेबलाची आठवण येते, हेही सांगायला हवं. तिथे मी मोठ्यानं ओरडायला शिकले. ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

पण मला सांगायचंय ते हे नाही.

शेठनी मावशीला कामावरून काढलं नाही, टेबलावरून काढलं. आता ती मागच्या भिंतीला, रद्दीच्या कोपऱ्यात बसते. कातरलेल्या पट्ट्या गोळा करते, गठ्ठे बांधते. तिच्या जागेवर माझी नेमणूक झाली. नव्या आलेल्या मुलीला शेठ माझ्याकडे बघत बसायला सांगतात. ती मुलगी मागे बघून मला म्हणाली, "त्या आजींचे हात थरथरतात ना? बिचाऱ्या." मावशीनं ऐकलं. सुतळीची गाठ मारली आणि दातानं तोडली.

मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, तुम्ही असं कशाला केलंत? मी बायांना काहीतरी सांगितलं असतं."

"काय सांगतलं असतंस?" ती म्हणाली.

मी खालच्या पट्ट्या गोळा करायला लागले. तिनं परत विचारलं नाही. गठ्ठा उचलून दिला, "घी, तिथे ठेव."

शेठकडे मी अजून गेलेले नाही. मावशीनं मुद्दाम ओतलं हे सांगायचं तर कशासाठी ते सांगावं लागेल, आणि ते झाकण्यासाठीच तर तिनं तिचं इतक्या वर्षांचं नाव त्या खळीत घातलं. रोज केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत येते. पाणी पिते, टेबलावर बसते. कोणी दाराशी उभं राहून विचारत नाहीये, मीच मला ओढत नेतेय आणि मीच सोडतेय.

मावशी, मला अजून जमत नाहीये. भ्याले आहे. पण एक दिवस, चहाच्या वेळी, सगळ्या बाया असताना, मी शेठसमोर उभी राहीन आणि सांगेन की तुमच्या हातांना काही झालेलं नाही, बादली तुम्ही जाणूनबुजून ओतली आणि ती माझ्यासाठी ओतली. काहून असं कोणी विचारलं, तर तेही सांगेन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या तोंडानं. तुमचं हे मी ठेवून घेणार नाही. फेडीन.